पेटीच्या मापाचं

ओकाबायाशी कानाझावाहून आले ते रिकामी पेटी घेऊन.
हलकं, फिकट लाकूड, चपटी जांभळी नाडी,
आत कापसाच्या गादीला पडलेला खळगा.
वाटी त्यांच्या वडिलांनी विकली होती,
युद्धानंतरच्या हिवाळ्यात, तांदळाच्या दोन पोत्यांना.
पेटी द्यायची राहिली.
विसरलो, असं वडील म्हणत.
ओकाबायाशींना ते कधीच खरं वाटलं नाही.

मी दुभाषी. दिवसाचे पैसे, जेवण वेगळं,
शिवाय विक्रीवर टक्केवारी.
श्वेइजीच्या टेकड्यांवर भट्ट्यांचा कचरा
आठशे वर्षं पडून आहे.
माती समजून पाय ठेवावा तर खापरं,
घासात खडा यावा तशी कचकचतात.

वेई मिंग-थुंगच्या पडवीत, फळीवर, अकरा वाट्या.
काळ्या. आधी मला एवढंच दिसलं.
मग त्याने एक दाराशी नेली, उन्हात कलती केली,
आणि काळ्यातून तांबूस रेघा सरसर खाली उतरल्या.
थू-हाओ, वेई म्हणाला.
सशाची लव, मी सांगितलं.
नाही, म्हातारे म्हणाले,
ससा आत्ताच इथून गेलाय.
हे मी वेईला सांगितलं नाही.

नंतर दोघं हातांनीच बोलू लागले,
मला काम उरलं नाही.
काठ: ओठाला खरखरीत,
झिलई तिथून निसटून खाली गेलेली.
खाली तिचा जाड ओघळ,
एका बाजूला थेंब होऊन लोंबलेला,
बुडाला टेकायच्या केसभर आधी थिजलेला.
वजन: दिसतं त्याहून जास्त,
लोखंड प्यायलेल्या मातीचं.
एकीच्या बुडाशी कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
म्हाताऱ्यांनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. मावला नाही.
पोरगं असेल, म्हणाले. नाहीतर बाई.
त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.
मी हात खिशात घातले.

मग एकेक वाटी पेटीत.
ही उंच. ही दोन तांदूळ रुंद.
ही बसते, पण डुलते.
हिच्या अंगाला भाजताना शेजारणीचा तुकडा चिकटलेला,
तो पेटीत कसा जाणार.
झाकण दर वेळी उचललं जाई, परत खाली ठेवलं जाई.
बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला बघत होतं,
ती होत नव्हती.

अकरावी बसली.
खळग्याने तिला नुसतं आत घेतलं.

तेव्हा वेई त्यांच्या गावच्या बोलीत,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
ही माझ्या भाच्याची. मागच्या महिन्यातली. विजेची भट्टी.
तू सांग, नाहीतर नको सांगू.

थर्मासमधून तीन पेले भरेपर्यंत मी गप्प.
टक्केवारी मनात मोजली, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या पेल्यापर्यंत तर
घराचा हप्तासुद्धा वजा करून झाला होता.
मग सांगितलं.

हो, ओकाबायाशी म्हणाले. बूड फार स्वच्छ आहे.
पण वाटी लगेच काढली नाही.
विचारा, भाच्याने माप कुठून घेतलं?
वेईने खांदे उडवले. माप कसलं. हात गेला तिथे गेला.
हे मी जसंच्या तसं सांगितलं.
ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला,
आणि पुसतच राहिले.

घेतली ती सातवी, तिरकी,
काठाचा टवका उडालेली, पेटीत न जाणारी.
भाव केला नाही. वेईलाच ओशाळं झालं,
त्याने वर मुठीएवढी दोन संत्री दिली.
वाटी रुमालात, रुमाल कोटाच्या खिशात.

स्टेशनवर तपासणीला पेटी उघडावी लागली.
यात काय होतं? पोलीसबाईने विचारलं.
मी त्यांना न विचारताच म्हणाले, काही नाही.
तिने बोटाने खळगा दाबून पाहिला.
कापूस खाली गेला, परत वर आला.
जा, म्हणाली.

फलाटावर ते माझ्यापुढे चालत होते.
कोटाची उजवी बाजू खाली ओढली गेलेली,
डाव्या खिशात दोन्ही संत्री,
तरी तोल काही साधत नव्हता.